घरचा सर्व्हर रिकामा असूनही झोपत नाही, झोपला तर टिकत नाही: कारण शोधायचं कसं

घरच्या सर्व्हरला रिकाम्या वेळी आपोआप सस्पेंड करायची (म्हणजे मेमरी जागी ठेवून बाकी मशीन झोपवायची) सोय केली की तक्रार तीनपैकी एका रूपात येते. ठरवलेली वेळ उलटली तरी मशीन चालूच राहतं. किंवा झोपतं, पण काही सेकंदांत नाहीतर मध्यरात्री कधीतरी कोणी न उठवता जागं होतं. किंवा फाइल कॉपी होत असताना, सिनेमा चालू असताना, बॅकअप अर्ध्यावर असताना झोपून जातं. तिन्हींवर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एकच असतो: टायमर वाढवून पाहा, नाहीतर कमी करून पाहा. त्यानं थोडे दिवस बरं वाटतं आणि तक्रार परत येते. टायमर बहुधा ठीकच असतो. मशीन रिकामं आहे हे ज्या खुणेवरून ठरवलं जातं ती खूण चुकीची असते, किंवा मशीनला उठवणारं भलतंच कोणीतरी असतं. या लेखात त्या दोन गोष्टींचा माग काढू.

त्याआधी हिशेब करून घ्या, कारण काही ठिकाणी हा खटाटोप करण्यात अर्थ नसतो. १ वॅटचं उपकरण वर्षभर अखंड चालू राहिलं तर ८.७६ युनिट वीज खातं. जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन-तीन हार्ड डिस्क घालून केलेला सर्व्हर नुसता बसून ४० वॅट घेत असेल, तर वर्षाला ३५० युनिट. तोच सर्व्हर दिवसातून ५ तास जागा आणि १९ तास सस्पेंडमध्ये २ वॅटवर राहिला, तर दिवसाला २३८ वॅट-तास, म्हणजे वर्षाला सुमारे ८७ युनिट. अडीचशेहून जास्त युनिट वाचतात. आता दुसरी बाजू: १० वॅटचा छोटा संगणक चोवीस तास चालू ठेवला तरी वर्षाला ८७-८८ युनिटच होतात. म्हणजे नीट झोपणारा ४० वॅटचा सर्व्हर आणि कधीच न झोपणारा १० वॅटचा डबा यांचा खप जवळजवळ सारखा. तुमचं यंत्र आधीच त्या दुसऱ्या गटातलं असेल तर त्याला झोपवायच्या मागे लागू नका. फक्त डिस्क थांबवा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. हे आकडे अंदाजानं घेऊ नका. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर आणा आणि जागेपणी, सस्पेंडमध्ये आणि पूर्ण बंद असताना असं तीनदा मोजा.

आधी हातानं झोपवा, हातानं उठवा

स्क्रिप्ट, टायमर, सगळं आधी बंद करा. आपोआप होणाऱ्या गोष्टी चालू असताना दोष शोधायला गेलात तर मशीन नेमकं कशामुळे वागलं ते कधीच कळत नाही. लिनक्स असेल तर टर्मिनलवर 'सिस्टिमसीटीएल सस्पेंड' ही कमांड द्या आणि पाहा: पंखे थांबले का, डिस्क थांबल्या का, वॅटमीटर खाली आला का.

पंखे फिरतच राहिले आणि वॅट फारसे उतरले नाहीत, तर मशीन खोल झोपेत गेलेलंच नाही. लिनक्समध्ये सस्पेंडचे दोन मुख्य प्रकार भेटतात. 'डीप' म्हणजे एसीपीआयमधली (बोर्डाच्या वीज-व्यवस्थेच्या मानकातली) एस३ अवस्था, जिच्यात मेमरी सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडली जाते. 'एसटूआयडल'मध्ये प्रोसेसर नुसता स्वस्थ बसतो, पण बोर्ड बराचसा जागा असतो. 'सिस' फाइलसिस्टिममधल्या 'पॉवर' फोल्डरात 'मेम-स्लीप' नावाची फाइल आहे. ती वाचली की उपलब्ध प्रकार दिसतात आणि निवडलेला प्रकार चौकोनी कंसात असतो. तिथे 'डीप' दिसत असूनही कंस दुसऱ्यावर असेल तर त्याच फाइलमध्ये 'डीप' लिहून परत सस्पेंड करून पाहा. जमलं तर हीच निवड कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट पर्यायांत 'मेम-स्लीप-डीफॉल्ट' म्हणून कायमची करा. 'डीप' यादीतच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, झोपेच्या प्रकाराचा पर्याय आहे का ते शोधा. काही नव्या बोर्डांवर तो मिळतच नाही. अशा वेळी सस्पेंडच्या नादी न लागता सरळ पूर्ण बंद करणं जास्त फायद्याचं. उठायला मिनिटभर जास्त लागेल, पण वीज खरोखर वाचेल. एकाच मशीनवर बरीच व्हर्च्युअल मशीन चालत असतील तरीही मी बंद करण्याच्याच बाजूचा आहे, कारण झोपेतून उठल्यावर आतल्या मशीनांची घड्याळं मागे पडलेली असतात आणि डेटाबेसला ते मानवत नाही.

आता उठवणं. नेटवर्कवरून मशीन उठवायच्या सोयीला वेक ऑन लॅन म्हणतात. तिचं पॅकेट, म्हणजे 'मॅजिक पॅकेट', अगदी साधं असतं: 'एफएफ' हा बाइट ६ वेळा, त्यापुढे त्या नेटवर्क कार्डाचा ६ बाइटचा ओळख क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस सलग १६ वेळा. एकूण १०२ बाइट. झोपलेल्या मशीनला आयपी अ‍ॅड्रेस वगैरे काही कळत नसतं. नेटवर्क कार्डातला छोटासा भाग तारेवरून जाणाऱ्या पॅकेटांत एवढी एकच ओळख शोधत असतो. त्यामुळे पॅकेट नेटवर्कवरच्या सगळ्यांना पोहोचणाऱ्या ब्रॉडकास्ट अ‍ॅड्रेसवरच पाठवा. सर्व्हरच्या आयपीवर पाठवलं तर झोपल्यानंतर पहिली काही मिनिटं चालतं आणि मग चालेनासं होतं, कारण त्या आयपीचा मॅक अ‍ॅड्रेस कोणता ही नोंद राउटरच्या आणि पाठवणाऱ्याच्या स्मरणातून तोवर पुसली जाते. 'कधी उठतो, कधी उठत नाही' या तक्रारीत सर्वात आधी हे तपासा. ब्रॉडकास्ट दुसऱ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या दुसऱ्या भागात) जात नाही. म्हणून व्हीपीएनवरून बाहेरून उठवायचं असेल, तर घरातच कायम चालू असलेल्या एखाद्या छोट्या उपकरणाकडून किंवा राउटरकडूनच पॅकेट सोडवावं लागतं. आणि सर्व्हर केबलनं जोडलेला असू द्या. वायफायवरून उठवण्याचा भरवसा धरू नका.

पॅकेट बरोबर आहे, तरी उठत नाही? तीन ठिकाणी पाहा. पहिलं बायोस: तिथे 'ईआरपी' नावाचा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. युरोपीय संघाच्या स्टँडबाय नियमांनी बंद उपकरणाचा खप २०१० पासून १ वॅटवर आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटवर आणला, आणि ते पाळायला बोर्ड बंद अवस्थेत नेटवर्क कार्डाचीही वीज तोडतात. वीज नसलेलं कार्ड पॅकेट ऐकणार कसं? केबलच्या खोबणीतला दिवा मशीन बंद केल्यावर पूर्ण विझला, तर हाच संशय धरा. दुसरं, नेटवर्क कार्डाची सेटिंग. लिनक्समध्ये 'ईथटूल' ही कमांड कार्डाच्या नावानं चालवली की 'वेक-ऑन' पुढे एक अक्षर येतं. 'जी' म्हणजे मॅजिक पॅकेट, 'डी' म्हणजे काहीच नाही. इथे मोठी मेख आहे: 'ईथटूल'नं केलेला बदल रीबूटनंतर टिकत नाही. आज सगळं चालतं, अपडेटनंतर रीबूट होतं आणि पुढच्या रात्रीपासून सर्व्हर उठत नाही. नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये वेक ऑन लॅन 'मॅजिक' करून ठेवा. नाहीतर सिस्टिमडीची (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) 'लिंक' फाइल लिहा आणि तिच्यात 'वेकऑनलॅन' 'मॅजिक' असं द्या. ही फाइल लिहिताना मूळ फाइलमधला 'नेमपॉलिसी'चा भाग उतरवून घ्यायला विसरू नका, कारण एका कार्डाला एकच लिंक फाइल लागू होते आणि तो भाग राहिला तर कार्डाचं नावच बदलून बसतं.

तिसरं ठिकाण विंडोजवाल्यांसाठी. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे खरं शट डाउन नसतं, आणि त्या अवस्थेतून वेक ऑन लॅनला विंडोजचा पाठिंबा नाही. तो पर्याय बंद करा.

हे उठवणं-झोपवणं लागोपाठ बऱ्याचदा बिनचूक जमेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यातला एखादा प्रयत्न रात्रभराच्या झोपेनंतरचा असू द्या.

झोपला, पण लगेच उठला

झोपल्यावर दोन-तीन सेकंदांत उठणारं मशीन आणि दोन-तीन तासांनी उठणारं मशीन, यांची कारणं सहसा वेगळी असतात.

लगेच उठत असेल तर संशय यूएसबीवर आणि पीसीआय पुलांवर (बोर्डाला कार्डं जोडणाऱ्या दुव्यांवर). 'प्रॉक'मधल्या 'एसीपीआय' फोल्डरात 'वेकअप' नावाची फाइल आहे. तिच्यात कोणकोणत्या उपकरणाला मशीन उठवायची परवानगी आहे याची यादी असते, पुढे 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड'. 'एक्सएचसी'नं सुरू होणारी नावं यूएसबीची. यातलं एक नाव त्याच फाइलमध्ये लिहिलं की त्याची परवानगी उलटते. एकावेळी एकच बंद करा आणि सस्पेंड करून पाहा. सगळी एकदम बंद केलीत तर दोषी कोण ते कळणार नाही, आणि नेटवर्क कार्ड ज्या पुलामागे आहे तो पूलही बंद होऊन वेक ऑन लॅन मरेल. दोषी सापडला की तो बदल दर बूटला करणारी छोटी सर्व्हिस लिहा, कारण हाही बदल रीबूटनंतर पुसला जातो. घरच्या सर्व्हरला कीबोर्ड-माउस लागत नाहीत. ते काढून ठेवले तरी अर्धे प्रकार मिटतात.

तासाभरानं, अवेळी उठत असेल तर पुन्हा 'ईथटूल' पाहा. वेक-ऑन पुढे 'जी'सोबत 'यू' किंवा 'ए' असेल, तर मॅजिक पॅकेट नसलेली साधी पॅकेटंही मशीन उठवतात. 'यू' म्हणजे त्या मशीनच्या नावानं आलेलं कुठलंही पॅकेट, 'ए' म्हणजे एआरपीची विचारणा. राउटर आपली यादी ताजी ठेवायला अधूनमधून 'हा आयपी कोणाचा' असं विचारत असतो, टीव्ही शेअर शोधत असतो, फोन फोटो चढवायला बघत असतो. एवढंही पुरतं. 'आपोआप उठेल' या सोयीसाठी 'यू' ठेवावंसं वाटतं खरं, पण घरातली उपकरणं सर्व्हरला निवांत राहू देत नाहीत. फक्त 'जी' ठेवा.

नेटवर्क निर्दोष असेल तर घड्याळ. बोर्डावरचं घड्याळ (आरटीसी) ठरावीक वेळी मशीन उठवू शकतं, आणि बायोसमध्ये किंवा एखाद्या टायमरमध्ये असा गजर लावलेला असतो. लिनक्समध्ये ज्या सिस्टिमडी टायमरमध्ये 'वेकसिस्टिम' चालू आहे तो झोपेतून उठवतो. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी'ला 'लास्टवेक' आणि 'वेकटायमर्स' विचारा, शेवटी कोणी उठवलं आणि पुढे कोण उठवणार आहे दोन्ही सांगतं. लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये 'सस्पेंड एंट्री' आणि 'सस्पेंड एक्झिट' अशा ओळी वेळेसह येतात. त्या वेळा कागदावर मांडा. रोज ठरलेल्या मिनिटाला उठत असेल तर घड्याळ, अनियमित उठत असेल तर नेटवर्क किंवा यूएसबी.

झोपतच नाही, किंवा कामात असताना झोपतो

या दोन तक्रारी दिसायला उलट्या असल्या तरी मूळ एकच: रिकामेपण ओळखायची खूण. आणि खरा वेळ इथेच द्यायचा असतो.

बहुतेकांची पहिली स्क्रिप्ट प्रोसेसरचा लोड पाहते. घरच्या सर्व्हरसाठी ही खूण फार कच्ची आहे. केबलवरून मोठी फाइल कॉपी होत असताना आजचा प्रोसेसर जवळपास रिकामाच असतो. सिनेमा ट्रान्सकोड (दुसऱ्या स्वरूपात रूपांतर) न करता जसाच्या तसा पाठवला जात असेल तर लोड दिसतही नाही. उलट लिनक्सचा लोड डिस्कची वाट बघत थांबलेल्या प्रोसेसही मोजतो, त्यामुळे एखादी डिस्क किंवा नेटवर्क माउंट (जोडून घेतलेला शेअर) अडकला तर काहीही काम नसताना लोड वरच राहतो आणि मशीन कायम 'व्यस्त' वाटतं.

दुसरी लोकप्रिय खूण म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगिन व्यवस्थेतला 'आयडलॲक्शन'. तो लॉगिन केलेली सत्रं पाहतो. सांबा किंवा एनएफएस या फाइल शेअर करायच्या व्यवस्थांवरून फाइल घेणारा कोणीही त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. डेस्कटॉपसाठी ती सोय चांगली आहे, पडदा-कीबोर्ड नसलेल्या सर्व्हरवर तिच्या भरवशावर राहू नका.

मग काय पाहायचं? तुमचा सर्व्हर जी कामं करतो, त्या प्रत्येक कामाला थेट विचारायचं, तू चालू आहेस का.

सांबाच्या फाइल शेअरसाठी 'एसएमबीस्टेटस' ही कमांड. इथे जोडणी आणि उघडी फाइल यांत फरक करा. एखाद्या लॅपटॉपनं शेअर जोडून ठेवला की जोडणी तासन्‌तास दिसत राहते, वापर शून्य असला तरी. नुसत्या जोडण्या मोजणारी स्क्रिप्ट म्हणूनच कधी झोपू देत नाही. उघड्या फाइलींची यादी पाहा, आणि तिच्यातून फोल्डरांच्या नोंदी वगळा. कोणी फाइल एक्सप्लोररमध्ये शेअर उघडा ठेवून निघून गेलं तरी त्या फोल्डरची नोंद यादीत राहते. सांबाच्या सेटिंगमध्ये 'डेडटाइम' मिनिटांत देता येतो. उघडी फाइल नसलेली निष्क्रिय जोडणी तेवढ्या वेळानं सर्व्हरच तोडतो. १५ मिनिटं दिलीत तर यादी बरीच स्वच्छ होते, आणि ग्राहक मशीन गरज पडली की गुपचूप पुन्हा जोडून घेतं.

ग्राहक मशीनांकडेही एकदा जा. लिनक्स लॅपटॉपवर एनएफएस शेअर साध्या पद्धतीनं माउंट केलेला असेल तर सर्व्हर झोपल्यावर त्या लॅपटॉपवरचे प्रोग्राम अडकून बसतात, कारण एनएफएसचा 'हार्ड' माउंट उत्तर येईपर्यंत वाट पाहतो, आणि तोच नेहमीचा प्रकार आहे. 'एफएसटॅब' या माउंटच्या यादीत सिस्टिमडीचा 'ऑटोमाउंट' पर्याय आणि सोबत 'आयडल-टाइमआउट' द्या. वापर थांबला की शेअर आपोआप सुटतो. सर्व्हरचं झोपणं घरातल्यांना खुपतं ते बहुतेक इथेच, आणि त्यांना खुपलं की ही सगळी व्यवस्था एक दिवस बंद करावी लागते. म्हणून हे काम टाळू नका.

मीडिया सर्व्हर असेल तर त्याच्याच एपीआयला (प्रोग्रामांनी माहिती विचारायच्या सोयीला) चालू सत्रं विचारा. नेटवर्कच्या आकड्यांवर विसंबू नका. प्लेअर पुढचा बराच भाग एकदम ओढून घेतो आणि मग काही मिनिटं काहीच मागत नाही. नेमक्या त्या शांततेत तपासणी झाली तर सिनेमा अर्ध्यावर तुटतो. थांबवून ठेवलेला सिनेमा 'चालू' धरायचा की नाही, हा निर्णय तुमचा. माझ्या मते धरू नये. जेवायला म्हणून थांबवलेला सिनेमा पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पूर्ण होतो.

एसएसएचची (दुरून केलेल्या लॉगिनची) सत्रं 'हू' कमांड दाखवते, पण टीमक्समध्ये (लॉगआउट झालं तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) काम सोडून बाहेर पडलात तर ते काम तिला दिसेलच असं नाही. रात्रभर चालायला लावलेली मोठी कॉपी याच फटीतून मरते. अशा कामांसाठी 'सिस्टिमडी-इनहिबिट' वापरायची सवय लावा: कामाची कमांड तिच्यामार्फत चालवली की काम संपेपर्यंत झोपेला अडसर लागतो. मात्र स्क्रिप्टमधून, रूट म्हणून दिलेल्या सस्पेंडला हे अडसर दरवेळी थोपवतातच असं नाही. ते सिस्टिमडीच्या आवृत्तीवर आणि दिलेल्या पर्यायांवर ठरतं. तेव्हा स्क्रिप्टनंच आधी अडसरांची यादी वाचावी आणि त्यात झोप रोखणारा कोणी असेल तर माघार घ्यावी.

रेड आणि झेडएफएस वापरून अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्यांनी दोन प्रश्न वाढवावेत. 'प्रॉक'मधल्या 'एमडीस्टॅट' फाइलमध्ये 'रीसिंक', 'रिकव्हरी' किंवा 'चेक' चालू दिसतं का, आणि 'झेडपूल स्टेटस'मध्ये स्क्रब (तपासणी) किंवा रीसिल्व्हर (डिस्कची पुनर्बांधणी) चालू आहे का. डेबियनवर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी लागते. 'महिन्यातून एकदा सर्व्हर दिवसभर झोपत नाही' याचं कोडं तिथे सुटतं. त्या दिवशी त्याला झोपू देऊच नका, ते काम व्हायलाच हवं.

सर्वांत शेवटी, जाळं म्हणून, बाइटचे आकडे. नेटवर्कसाठी 'प्रॉक'मधली 'नेट' फोल्डरातली 'डेव्ह' फाइल, डिस्कसाठी 'डिस्कस्टॅट्स'. दोन तपासण्यांमधला फरक काढा. इथे शून्याची अपेक्षा धरलीत तर मशीन कधीच झोपणार नाही, कारण घरच्या नेटवर्कवर उपकरणांच्या हाका सतत चालू असतात. उंबरठा ठरवायची माझी पद्धत अशी: कोणी वापरत नाही अशा एका रात्री सर्व्हर मुद्दाम जागा ठेवा, दर ५ मिनिटांचा फरक लॉग करा, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या दुप्पट उंबरठा ठेवा. दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधला आकडा उचलू नका, त्याच्या घरातली उपकरणं वेगळी आहेत. डिस्कच्या बाबतीत फक्त डेटाच्या डिस्क मोजा. सिस्टिमच्या डिस्कवर लॉग लिहिले जातच असतात. आणि मेमरीतल्या कॅशमधून दिलेली फाइल डिस्कच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून एकटे डिस्कचे आकडे पुरत नाहीत.

विंडोजवर सर्व्हर असेल तर हे सगळं पुष्कळसं 'पॉवरसीएफजी'लाच विचारता येतं. अ‍ॅडमिनच्या टर्मिनलमध्ये 'रिक्वेस्ट्स' हा पर्याय द्या, झोप कोण रोखतंय ते नावानिशी येतं. शेअर वापरात असेल तर 'एसआरव्हीनेट' या फाइल शेअरच्या ड्रायव्हरचं नाव येतं, ते योग्यच आहे. ध्वनीच्या ड्रायव्हरसारखं विनाकारण अडून बसलेलं नाव दिसलं तर 'रिक्वेस्ट्सओव्हरराइड'नं त्याची मागणी दुर्लक्षित करता येते.

स्क्रिप्टचा सांगाडा, आणि उठल्याबरोबर पुन्हा झोपण्याचा दोष

दर ५ मिनिटांनी स्क्रिप्ट चालवा. ती वरचे प्रश्न एकामागून एक विचारेल. एकाचंही उत्तर 'हो, काम चालू' आलं की गणती शून्य. सगळ्यांचं 'नाही' आलं की गणती एकानं वाढवा. गणती ६ झाली, म्हणजे सलग अर्धा तास शांत गेला, की सस्पेंड. एखादीच शांत तपासणी पाहून झोपवणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा ही पुष्कळ भरवशाची. आणि प्रत्येक वेळी गणती कोणत्या प्रश्नामुळे शून्य झाली ते लॉगमध्ये एका ओळीत लिहा. ही ओळ नसेल तर 'का झोपला नाही' याचं उत्तर दर वेळी नव्यानं खणून काढावं लागतं. ती असेल तर सकाळी लॉग उघडला की दोषी समोर असतो.

आता तो चिवट दोष: सर्व्हर उठवला, शेअर उघडायच्या आत पुन्हा झोपला. गणतीची फाइल 'रन' फोल्डरात ठेवली की ती मेमरीत राहते आणि रीबूटला आपोआप पुसली जाते, म्हणून सगळे तिथेच ठेवतात. पण सस्पेंडमध्ये मेमरी जपली जाते. उठल्यावर गणती ६ वरच असते, आणि पुढच्याच तपासणीला मशीन परत झोपतं. म्हणून सस्पेंडची कमांड देण्याच्या आधी गणती शून्य करा. 'शेवटची हालचाल केव्हा झाली' ही वेळ जपणाऱ्या स्क्रिप्टलाही हाच रोग होतो: उठल्याबरोबर तिला शेवटची हालचाल आठ तासांपूर्वीची दिसते. 'अपटाइम' पाहून 'नुकतंच उठलंय, थांबू' असं ठरवता येत नाही, कारण लिनक्सच्या अपटाइममध्ये झोपेचा वेळही मिळवलेला असतो. सिस्टिमडीच्या 'सिस्टिम-स्लीप' फोल्डरात ठेवलेली स्क्रिप्ट झोपण्याआधी 'प्री' आणि उठल्यावर 'पोस्ट' या शब्दासह चालवली जाते. 'पोस्ट' आल्यावर शेवटच्या हालचालीची वेळ आत्ताची करून ठेवा.

विंडोजमध्ये याच लक्षणाचं कारण वेगळं आहे. नेटवर्कवरून उठवलेल्या आणि कीबोर्डला हात न लागलेल्या मशीनसाठी 'अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' लागू होतो, आणि तो मुळात २ मिनिटांचा असतो. पॉवरच्या पर्यायांत तो लपवलेला असतो. रजिस्ट्रीतून दिसता करून २०-३० मिनिटं करा.

चुकलेली कामं

झोपणाऱ्या सर्व्हरवर रात्री तीनचा क्रॉन जॉब (वेळापत्रकानं आपोआप चालणारं काम) चालत नाही, आणि क्रॉन तो नंतर भरूनही काढत नाही. बॅकअप महिनाभर झालेलाच नाही हे फार उशिरा कळतं. ही कामं सिस्टिमडी टायमरमध्ये हलवा आणि 'पर्सिस्टंट' चालू करा, म्हणजे वेळ चुकली तरी मशीन पुढच्या वेळी जागं झालं की काम होतं. ठरल्या वेळीच व्हायला हवं असेल तर 'वेकसिस्टिम' द्या, किंवा झोपण्याआधी 'आरटीसीवेक'नं गजर लावा. बॅकअप चालू असताना त्यानं स्वतः 'सिस्टिमडी-इनहिबिट'चा अडसर घ्यावा असं पाहा, नाहीतर उठवलेला सर्व्हर बॅकअपच्या मध्येच झोपेल.

सर्व्हर झोपवता येत नसेल तर

डिस्क थांबवा. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहायला साधारण ४ ते ६ वॅट घेते, थांबल्यावर एक वॅटच्या आत येते. चार डिस्क असतील तर फरक मोठा आहे. 'एचडीपार्म'च्या मोठ्या 'एस' पर्यायात १ ते २४० पर्यंतचा आकडा ५ सेकंदांच्या पटीत मोजला जातो, म्हणजे १२० दिलं की १० मिनिटं. २४१ पासून पुढे मात्र अर्ध्या तासाच्या पटी सुरू होतात. थोडंसं वाढवायला म्हणून २४२ दिलं की एकदम तास होतो आणि 'डिस्क थांबतच नाही' असं वाटतं. स्मार्टडी डिस्कची तब्येत विचारताना तिला जागं करत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'स्टँडबाय' असताना विचारू नको असं सांगा. माउंटला 'नोएटाइम' लावा, म्हणजे फाइल नुसती वाचली तर वेळेची नोंद डिस्कवर लिहिली जात नाही. थांबवायची वेळ फार छोटी ठेवू नका. डिस्कच्या माहितीपत्रकात थांबण्या-फिरण्याच्या आवर्तनांची मर्यादा दिलेली असते, आणि दर पाच मिनिटांनी थांबून लगेच फिरणारी डिस्क ती मर्यादा विनाकारण जवळ आणते. अर्धा तास ठीक.

सगळं जमल्यावर काही महिन्यांनी पुन्हा बिघडलं तर

स्क्रिप्टला हात लावायच्या आधी दोन गोष्टी पाहा. बायोस अपडेट झाला असेल तर ईआरपी आणि वेक ऑन लॅनच्या सेटिंग मूळपदावर गेलेल्या असू शकतात. आणि वीज जाऊन आली असेल तर बऱ्याच बोर्डांवर नेटवर्क कार्ड पॅकेट ऐकायला तयार नसतं, कारण त्याला ते सांगणारी ऑपरेटिंग सिस्टिम तेव्हापासून एकदाही चालू झालेली नसते. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन चालू व्हावं असा पर्याय द्या. सर्व्हर उठेल, कार्ड तयार करेल आणि अर्ध्या तासानं स्वतःच झोपेल. वीज गेल्यावर बायोसची तारीखही मागे गेलेली दिसली, तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. बहुतेक बोर्डांवर तो सीआर२०३२ असतो. तो बदला, बायोसच्या सगळ्या सेटिंग पुन्हा भरा, आणि हातानं झोपवून-उठवून पाहिल्यावरच टायमर परत चालू करा.